रिलायएक्स फायबर पोस्ट: उजेड दाताच्या मुळात किती खोल जातो?

माझा दवाखाना सोलापूरच्या पूर्व भागात आहे. आरसीटी (रूट कॅनाल) झालेल्या दाताला पोस्ट, म्हणजे मुळात बसवायची बारीक काडी, लागणार असेल, तर गेली काही वर्षं माझ्या ट्रेमध्ये रिलायएक्स फायबर पोस्ट असते. ही मूळची थ्रीएमची. 2024 मध्ये थ्रीएमचा आरोग्य विभाग सोल्व्हेंटम या नावाने वेगळा झाला, त्यामुळे नव्या पाकिटावर ते नाव दिसलं तर गोंधळू नका. माझं मत आधीच सांगते. पोस्ट उत्तम आहे, तिचे पैसे वसूल होतात. पण तिच्या ज्या गुणाची सगळ्यात जास्त वाखाणणी होते, त्या एका गुणाच्या भरवशावर ती बसवू नये. तो गुण म्हणजे सिमेंट घट्ट करणारा प्रकाश दाताच्या मुळात खोलवर नेण्याचा. डेपोचे (दंतवैद्यांना सामान पुरवणाऱ्या दुकानाचे) प्रतिनिधी येतात, पोस्ट चिमटीत धरून तिच्या डोक्यावर निळा लाइट मारतात, खालचं टोक चमकतं आणि म्हणतात, "बघा मॅडम, लाइट थेट खालपर्यंत." त्या चमकणाऱ्या टोकाबद्दलच मला जास्त लिहायचं आहे.

जे दंतवैद्य नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. किडीने किंवा मार लागून दाताचा वरचा भाग बराचसा गेला असेल, तर आरसीटीनंतर नुसती कॅप बसवून भागत नाही, कारण कॅपला धरायला काही उरलेलंच नसतं. मग मुळाच्या नळीत भरलेला गटापर्चा (रबरासारखा पदार्थ) वरच्या बाजूने काढायचा, तळाशी चार-पाच मिलिमीटर ठेवायचा, आणि मोकळ्या झालेल्या जागेत एक बारीक काडी सिमेंटने बसवायची. तिच्याभोवती कंपोझिटचा (दाताच्या रंगाच्या भरणाचा) कोअर, म्हणजे गाभा, बांधायचा, त्यावर कॅप. ती काडी म्हणजे पोस्ट. पोस्टने दात मजबूत होतो असा पेशंटचा समज असतो, आणि आमच्यातल्याही काहींचा असतो. तसं होत नाही. पोस्ट फक्त कोअरला धरून ठेवते. दात टिकतो तो हिरडीच्या वर शिल्लक असलेल्या स्वतःच्या कड्यामुळे. ते कडं चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी हवं. त्याला आम्ही फेरूल म्हणतो. फेरूल नसेल तर जगातली सगळ्यात महाग पोस्टही फार काळ साथ देत नाही.

पूर्वी या काड्या धातूच्या असत. काही ठिकाणी अजून वापरतात. स्टीलची ताठरता 200 गिगापास्कलच्या आसपास, आणि दाताच्या आतल्या डेंटिनची साधारण 18. एवढा फरक असला की चावताना येणारा जोर धातू स्वतः सोसत नाही, मुळावर ढकलतो. मग मूळ उभं चिरतं आणि दात काढण्याशिवाय इलाज राहत नाही. 1990 च्या सुमारास फ्रान्समधून कार्बन फायबरच्या पोस्ट आल्या. त्या डेंटिनसारख्या थोड्या लवणाऱ्या होत्या, पण काळ्या कुळकुळीत. त्यांच्यातून प्रकाश जाण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे क्वार्ट्झ आणि काचेच्या तंतूंच्या पांढऱ्या, अर्धपारदर्शक पोस्ट आल्या, आणि तिथून प्रकाशाची गोष्ट सुरू झाली. फायबर पोस्टमध्ये बिघाड झालाच तर ती बहुतेक वेळा सुटून येते. मूळ शाबूत असतं, पुन्हा काम करता येतं. एवढ्या एका कारणासाठी मी धातूच्या पोस्ट बंद केल्या.

दुसरं कारण दिसण्याचं. सोलापुरात गणवेश शिवण्याचे कारखाने भरपूर. शिलाईकाम करणाऱ्या बायका दिवसभर दोरा दाताने तोडतात, त्यांच्या वरच्या पुढच्या दातांच्या कडेला बारीक खाचा पडलेल्या असतात. अशाच एक मावशी आल्या होत्या. पुढचा दात पूर्वी कधी तरी मार लागून मेलेला, काळपट, आणि आता अर्धा तुटलेला. त्यांचा पहिला प्रश्न, "मॅडम, कॅप बसवल्यावर आतलं काळं बाहेर दिसंल का हो?" हा प्रश्न अगदी नेमका होता. आजकालच्या पुढच्या दातांच्या सिरॅमिक कॅपमधून थोडा प्रकाश आरपार जातो, म्हणून तर त्या खऱ्या दातासारख्या वाटतात. आत धातूची पोस्ट असेल तर तो प्रकाश तिथे अडतो, दात राखाडी दिसतो, आणि हिरडी पातळ असेल तर तिच्या कडेला काळसर सावली पडते. रिलायएक्ससारखी पोस्ट आणि दाताच्या रंगाचा कोअर असेल तर ही अडचण येत नाही. मावशींच्या दातात लाल पट्टीची, म्हणजे 1.6 मिलिमीटरची पोस्ट बसवली. कॅप लावून त्यांना आरसा घेऊन खिडकीपाशी उभं केलं, कारण दाताचा रंग दवाखान्यातल्या दिव्याखाली बघण्यात अर्थ नसतो. दिसण्याच्या बाबतीत या पोस्टला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

हाताळायलाही ती सोपी आहे. काचेचे तंतू लांबीच्या दिशेने रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या द्रव्यात, बसवलेले. वरचा भाग सरळ, खाली निमुळती. चार मापं, रंगांनी ओळखायची: पांढरी 1.1 मिलिमीटर, पिवळी 1.3, लाल 1.6, निळी 1.9. प्रत्येक मापाला त्याच रंगाच्या पट्टीचं ड्रिल. त्या ड्रिलने नळी तयार केली की पोस्ट ना सैल ना घट्ट बसते आणि भोवती सिमेंटचा पातळ, एकसारखा थर राहतो. हे फार महत्त्वाचं आहे, कारण सिमेंट घट्ट होताना आकसतं, आणि नळीत ते जवळजवळ सगळ्या बाजूंनी बांधलेलं असल्यामुळे आकसायला जागा नसते. थर जितका जाड तितकी भिंतीपासून सुटण्याची भीती जास्त. आरव्हीजीवर (दाताच्या डिजिटल एक्स-रेवर) पोस्ट व्यवस्थित दिसते. काही पोस्ट एक्स-रेत एवढ्या फिक्या दिसतात, की पोस्ट आहे की नळी रिकामी आहे हे पुढच्या डॉक्टरला कळत नाही. कापायची ती डायमंड बरने (हिऱ्याचे कण लावलेल्या फिरत्या टोकाने), पाणी चालू ठेवून. वायर कटरने कधीही नाही. कटरने तंतू चिरडतात, आणि चिरडलेल्या टोकातून प्रकाशही नीट आत शिरत नाही.

आता त्या प्रकाशाकडे वळते. लाइटने घट्ट होणाऱ्या बहुतेक रेझिनमध्ये कॅम्फरक्विनोन नावाचं द्रव्य असतं. ते साधारण 468 नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषतं आणि तिथून साखळी सुरू होते. प्रकाश कमी पडला तर रेझिन अर्धकच्चं राहतं. म्हणून मुळात 8-10 मिलिमीटर खोल, एवढ्याशा बोळात तो पोचवायचा कसा हा प्रश्न. पोस्टमधून पोचतो, असं उत्तर दिलं जातं. मग कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करून पाहू.

माझ्या लाइट क्युअर गनचं, म्हणजे तो निळा लाइट देणाऱ्या यंत्राचं, तोंड 8 मिलिमीटर व्यासाचं आहे. लाल पोस्टचं डोकं 1.6, म्हणजे बरोबर पाचवा भाग. क्षेत्रफळ काढलं तर पंचविसावा. गन 1000 मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर देते आणि सगळीकडे सारखी देते असं धरलं, तर तोंडातून एकूण 500 मिलिवॅटच्या आसपास बाहेर पडतात आणि पोस्टच्या डोक्यावर पडतात त्यातले फक्त 20. बाकीचे दातावर, हिरडीवर, इकडेतिकडे. आता हे 20 मिलिवॅट कुठल्या सिमेंटला पुरवायचे? पोस्टच्या भोवतीच्या. मुळात गेलेला भाग 10 मिलिमीटर आणि सरासरी व्यास सव्वा मिलिमीटर धरला, तर पोस्टच्या अंगाचं क्षेत्रफळ होतं 40 चौरस मिलिमीटरच्या घरात, म्हणजे 0.4 चौरस सेंटिमीटर. पोस्टने एकही किरण वाया न घालवता सगळा प्रकाश अगदी समान वाटला, तरी सिमेंटच्या वाट्याला येतात 50 मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर. गनच्या तोंडाशी मिळतात त्याच्या विसावा हिस्सा. जे काम 20 सेकंदांत व्हायचं, त्याला त्याच मापाने 400 सेकंद लागतील. आणि हा झाला आदर्श पोस्टचा हिशेब. खऱ्या पोस्टमध्ये तंतू आणि रेझिन यांच्या प्रत्येक हद्दीवर प्रकाश विखुरतो, बराचसा वरच्या भागातच अंगातून बाहेर पडतो, आणि खाली जाता जाता क्षीण होत जातो. वरच्या सिमेंटला गनचा थेट प्रकाशही मिळतो, त्यामुळे तिथे काही चिंता नसते. सगळी चिंता खालच्या तिसऱ्या भागाची.

म्हणून ते चमकणारं टोक फसवं आहे. टोकातून बाहेर पडलेला प्रकाश टोकाखालच्या थेंबभर सिमेंटला मिळतो. पोस्टला धरून ठेवणारं सिमेंट असतं बाजूच्या भिंतींवर. समजा उद्या कुणी अशी पोस्ट काढली, की इंटरनेटच्या केबलमधल्या तंतूसारखा सगळा प्रकाश जराही न गळता थेट टोकाला जाईल. ती पोस्ट आमच्या काहीच कामाची नाही, कारण भिंतीवरचं सिमेंट कोरडं उपाशी राहील. आपल्याला हवी गळकी पोस्ट, आणि तीही वरपासून खालपर्यंत हळूहळू, सारखी गळणारी. पोस्ट तपासायची असेल तर टोकाकडे बघू नका, तिच्या अंगाकडे बघा.

हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. काळ्या जाड पुठ्ठ्याला पोस्टच्या मापाचं भोक पाडायचं, पोस्टचं डोकं वर ठेवून ती त्यात अडकवायची, खोलीत अंधार करायचा, वरून लाइट मारायचा आणि खालून केशरी शील्डमधून पाहायचं. शील्डशिवाय नाही, निळा प्रकाश डोळ्यांना वाईट. रिलायएक्सचं अंग वरच्या भागात छान उजळतं, खाली जाताना मंद होत जातं आणि टोकाला पुन्हा ठिपका चमकतो. त्याच्या शेजारी मी डेपोतून आलेली एक स्वस्त पोस्ट लावून पाहिली. तिच्या पाकिटावरही ठळक अक्षरांत 'ट्रान्सल्युसंट' छापलेलं होतं. दिसायला पांढरी शुभ्र. पुठ्ठ्याखाली जवळजवळ काहीच उतरलं नाही. पांढरी दिसणं आणि प्रकाश जाऊ देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खडूही पांढरा असतो.

पुढची पायरी सिमेंटची. वायरिंगच्या दुकानात मिळते ती काळी स्लीव्ह आणली. तिचे मुळाच्या लांबीचे तुकडे केले, आत फक्त लाइटने घट्ट होणारं फ्लोएबल (पातळ, वाहणारं) कंपोझिट भरलं, पोस्ट घातली, वरून 40 सेकंद लाइट मारला. मग ब्लेडने स्लीव्ह उभी चिरून वरून खाली प्रोब (दात तपासायची टोकदार सळई) ओढला. रिलायएक्सच्या बाबतीत वरचा भाग दगडासारखा, प्रोब घसरतो. मध्ये बारीक ओरखडा उठतो. तळाशी मात्र कंपोझिट प्रोबला चिकटून आलं. स्वस्त पोस्टभोवती तोंडापासून जरा खालीच मऊ लागायला सुरुवात झाली. आणि पोस्ट न घालता नुसतं कंपोझिट भरलेल्या तुकड्यातही साधारण तेवढंच घट्ट झालं. म्हणजे चांगल्या पोस्टमुळे फायदा नक्की होतो, घट्ट झालेली खोली वाढते. पण तळ गाठला जात नाही. एक गोष्ट स्पष्ट करते: असं फक्त लाइटवरचं सिमेंट वापरा असं रिलायएक्सची कंपनी कुठेही सांगत नाही. मी ते मुद्दाम वापरलं, प्रकाश किती खोल काम करतो हे नजरेला दिसावं म्हणून.

हे सगळं करावंसं वाटलं ते एका काकांमुळे. यंत्रमागावर काम करणारे. दुसऱ्या गावी केलेली कॅप पोस्टसकट हातात आली, ती रुमालात बांधून घेऊन आले. कडक भाकरी मोडताना निघाली म्हणाले. भाकरीचा त्यात काही दोष नव्हता. पोस्टवरचं सिमेंट वरच्या बाजूला काचेसारखं कडक, आणि तळाशी नखाने खरवडलं तरी भुगा पडत होता. फेरूल चांगलं होतं, मूळ चांगलं होतं, पोस्टही मोडलेली नव्हती. काकांनी विचारलं, "सिमेंट कच्चं राहिलं होतं काय, मॅडम?" राहिलं होतं. मूळ चिरलेलं नसल्यामुळे नळी साफ करून नवीन पोस्ट बसवता आली आणि त्यांचा दात वाचला. पण त्यासाठी त्यांची रोजी बुडाली, पुन्हा खर्च झाला, आणि हे टाळता येण्यासारखं होतं, याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा सिमेंट ड्युअल क्युअरच हवं, म्हणजे लाइट मिळाला तर लाइटने आणि नाही मिळाला तर दोन पेस्टच्या रासायनिक क्रियेने घट्ट होणारं. मी याच पोस्टच्या जोडीचं रिलायएक्स यू 200 वापरते. ते स्वतःच दाताला चिकटतं, वेगळं बॉन्डिंग (चिकटवणारं द्रव्य) लावावं लागत नाही, आणि या पोस्टला सिलेनही (चिकटपणा वाढवणारं द्रावणही) लागत नाही, अल्कोहोलने पुसली की पुरे. वेगळं बॉन्डिंग लागणारं ड्युअल क्युअर सिमेंट घेत असाल, तर एकाच बाटलीतलं आम्लधर्मी बॉन्डिंग त्याच्यासोबत चालतं का, हे सोबतच्या माहितीच्या कागदावर वाचूनच घ्या. काही बॉन्डिंगमधलं आम्ल सिमेंटची रासायनिक बाजूच मारून टाकतं. मग खाली लाइटही नाही आणि रसायनही नाही.

पण ड्युअल क्युअर आहे म्हणून लाइटची गरज संपली, असं मात्र मी म्हणणार नाही. लाइट मिळालेल्या भागात ही सिमेंट बहुधा अधिक घट्ट होतात, आणि वरचा भाग ताबडतोब धरला गेला की पोस्ट हलत नाही. पोस्ट आधीच मापाने कापून घ्यायची, गनचं तोंड थेट तिच्या डोक्याला टेकवायचं, आणि लांब वेळ द्यायचा. तीन सेकंदांच्या टर्बो मोडला इथे जागा नाही. गनच्या तोंडावर जुनं कंपोझिट चिकटलेलं असेल तर आधी ते काढा. रेडिओमीटरवर (प्रकाशाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्रावर) गन अधूनमधून तपासा. आणि लाइट बंद झाल्या झाल्या कोअरला बर लावू नका. तळाचं सिमेंट त्या वेळी अजून आपलं काम करत असतं, वरून बरचे हादरे बसले तर ते भिंतीपासून सुटतं. कागदावर दिलेली मिनिटं पूर्ण होऊ द्या. पेशंट थांबतो. का थांबायचं ते नीट सांगितलं तर आनंदाने थांबतो.

सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण या सिमेंटच्या सूचना थंड खोल्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या असतात. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी सहज ओलांडतो. उष्णतेने रासायनिक क्रिया वेगाने होते, म्हणून हातातला वेळ कमी होतो. मी सिमेंट फ्रिजमध्ये ठेवते, कामाच्या थोडं आधी बाहेर काढते, आणि दुपारी एसी चालू असल्याशिवाय पोस्ट बसवत नाही. खुर्चीवरचा मोठा दिवा सिमेंट मिसळताना बाजूला वळवते आणि खिडकीचा पडदा ओढते. ज्या प्रकाशाला तळाशी नेण्यासाठी एवढी धडपड, तोच मिक्सिंग पॅडवर नको तेव्हा सिमेंट घट्ट करतो. सिमेंट लेंट्युलोने (यंत्राला लावायच्या बारीक स्प्रिंगने) नळीत फिरवायची जुनी सवय अनेकांना आहे. यू 200 ला ती चालत नाही, ते वेळेआधी पकडतं आणि पोस्ट अर्ध्यावर अडकते. लांब बारीक टिप तळापर्यंत नेऊन, सिमेंट सोडत सोडत वर यायचं.

महाग आहे का? स्वस्त पोस्टच्या तुलनेत हो, बरीच. दर डेपोगणिक बदलतो, म्हणून इथे आकडा देत नाही. माझ्याकडे विडी वळणाऱ्या बायका येतात, आठवड्याच्या पगारावर घर चालवणारे मागवाले येतात. त्यांना पोस्टचा खर्च सांगताना मलाही जड जातं. म्हणून आधी पोस्ट खरंच लागते का ते बघते. दाढेत तीन भिंती शिल्लक असतील आणि आतली पोकळी कोअरला धरू शकत असेल, तर पोस्ट बसवून उगाच मूळ पोखरायचं कशाला? पुढचा दात, वरची उपदाढ, जिथे खरोखर काही उरलेलं नाही पण फेरूल मिळतंय, तिथे मी या पोस्टवर तडजोड करत नाही. आणि फेरूलच मिळत नसेल तर पेशंटला तसं स्पष्ट सांगते. तिथे महागडी पोस्ट बसवून पैसे घेणं मला पटत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पूर्ण किट घेतलंच पाहिजे असं नाही. माझ्याकडे पिवळी आणि लाल सर्वाधिक लागते, पांढरी खालच्या पुढच्या बारीक दातांना, निळी क्वचित, एखाद्या खूप रुंद नळीला. दोन मापं, त्यांची ड्रिल आणि यू 200 एवढ्यावर काम सुरू होतं. ड्रिल बोथट झालं की बदला, बोथट ड्रिल मूळ तापवतं. उन्हाळ्यात सिमेंट मागवलं तर ते बसच्या डिकीतून तापत येऊ नये म्हणून डेपोवाल्याला आइस पॅक घालायला सांगा, आणि खोकं उघडून एक्स्पायरीची तारीख बघितल्याशिवाय बिलावर सही करू नका.